छातीतील जळजळ आणि आम्ल कमी करणारी औषधे

(संस्थेच्या आरोग्य मार्गदर्शन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज येथे येताना प्रत्येकाने घरातील औषधांची पिशवी सोबत आणावी, अशी विनंती आम्ही संस्थेमार्फत केली होती. आपण ती मानलीत याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. भाषणापूर्वीच्या दोन तासांत त्या पिशव्या टेबलावर रिकाम्या करून आम्ही पाहिल्या. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, गुडघेदुखीच्या गोळ्या निघणार हे अपेक्षितच होते. परंतु ज्यांना यांपैकी एकही आजार नाही अशांच्याही पिशवीतून एक पाकीट वारंवार बाहेर पडत होते, ते म्हणजे ॲसिडिटीच्या गोळीचे. कोणाचे ओमेप्रॅझोल, कोणाचे पॅन्टोप्रॅझोल, कोणाचे रॅबेप्रॅझोल. कोणी त्याला गॅसची गोळी म्हणाले, कोणी पित्ताची.

एका मावशींना आम्ही विचारले, "मावशी, ही गोळी कधी घेता?"

त्या म्हणाल्या, "जळजळलं की घेते. कधी रात्री जेवल्यावर, कधी दुपारी. पण डॉक्टरसाहेब, गुण काही येत नाही बघा. चार वर्षं झाली."

"गुण येत नाही तर चार वर्षे घेता कशाला?"

मावशी हसल्या. "बंद केली की जास्त जळजळतं ना!"

बंधू-भगिनींनो, मावशींच्या या दोन वाक्यांत आजचा सगळा विषय आला आहे. गोळीने गुण का येत नाही आणि बंद केल्यावर जास्त का जळजळते, एवढे समजले तर आपल्यापैकी अनेकांचा पैसाही वाचेल आणि ज्यांना या औषधाची खरी गरज आहे ते ती नीट घेतील.

प्रथम आजार समजून घेऊ. आपल्या जठरात तीव्र आम्ल तयार होते. त्यात वाईट काही नाही, अन्न पचविण्यासाठी आणि अन्नाबरोबर आलेले जंतू मारण्यासाठी ते लागतेच. जठराच्या आतील अस्तर हे आम्ल सोसते, परंतु वरच्या अन्ननलिकेचे अस्तर ते सोसू शकत नाही. दोहोंच्या मध्ये झडपेसारखे काम करणारा स्नायू आहे. तो अवेळी सैल पडला किंवा पोटातील दाब वाढला की आम्ल वर येते आणि छातीच्या मध्यभागी जळजळते, घशाशी आंबट पाणी येते. हे केव्हातरी सर्वांनाच होते. वारंवार होऊन त्रास होऊ लागला किंवा अन्ननलिकेला जखमा झाल्या म्हणजे त्याला रिफ्लक्सचा आजार म्हणावयाचे. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कृतिगटाने भारतात अनेक ठिकाणी पाहणी केली, तीत ३२२४ लोकांपैकी २४५ जणांना, म्हणजे ७.६ टक्के लोकांना हा आजार आढळला. ही पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली.

आता आपल्याकडे "पित्त झाले" या दोन शब्दांत काय काय मावते पाहा. डोके दुखले, पित्त. मळमळले, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तरी पित्तच. या सर्वांवर आम्लाची गोळी घेतली तर ती बिचारी काय करणार? तिचा संबंध फक्त आम्लाशी आहे.

औषधांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण विद्यार्थ्यांना त्यात रस वाटेल. पूर्वी आम्लावर उपाय म्हणजे तयार झालेले आम्ल मारणे, अर्थात खाण्याचा सोडा किंवा दुकानातले पातळ औषध. आराम लगेच, पण तासाभराचा. आम्ल तयार होण्यालाच आळा घालण्याचा मार्ग ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघाला. सिमेटिडीन हे औषध १९७६ साली ब्रिटनमध्ये आले आणि ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच जातीचे रॅनिटिडीन १९८१ साली आले आणि आपल्याकडे घराघरांत पोहोचले. त्याचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. कर्करोगास कारण ठरू शकणारा एन.डी.एम.ए. हा पदार्थ त्यात आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळण्यात आले. आज सकाळी दोन-तीन पिशव्यांत आम्हाला ते अजूनही सापडले. ज्यांच्या पिशवीत सापडले त्यांनी घाबरू नये, परंतु पुढचे पाकीट घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

१९८८ साली स्वीडनमध्ये ओमेप्रॅझोल विक्रीस आले. त्याचे मूळ नाव लोसेक. अमेरिकेत हे नाव लॅसिक्स या लघवीच्या औषधासारखे वाटून गोंधळ होऊ लागला, म्हणून १९९० साली तेथे ते बदलून प्रायलोसेक करावे लागले. डॉक्टरांचे अक्षर सगळ्या जगात सारखेच, असे म्हणावयास हरकत नाही!

हे औषध कसे काम करते ते विद्यार्थी मित्रांनी नीट लक्षात घ्यावे, कारण मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. जठराच्या अस्तरातील काही पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. त्यांना प्रोटॉन पंप म्हणतात. गोळी जठरात विरघळून तेथेच काम करीत नाही. ती आतड्यातून रक्तात जाते, रक्तातून त्या पेशींपर्यंत पोहोचते आणि जो पंप त्या वेळी चालू असेल त्याला चिकटून त्याला कायमचा बंद पाडते. जो पंप झोपलेला आहे त्याला ती फारशी हात लावीत नाही. पंप जागे होतात अन्न आल्यावर. आणि गोळीचा अंश रक्तात राहतो जेमतेम एक-दोन तास. म्हणून गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी घ्यावयाची आणि मग खरोखर न्याहारी करावयाची. गोळी घेऊन नुसता चहा पिऊन कामावर जायचे आणि दुपारी दोनला डबा उघडायचा, तर औषध येऊन गेलेले असते आणि पंप नंतर जागे होतात. शिवाय शरीर नवे पंप करीतच असते, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसण्यास तीन-चार दिवस रोज गोळी जावी लागते. जळजळले की एक आणि मग आठ दिवस काही नाही, ही रीत सोड्याची, या गोळीची नव्हे. कॅप्सूल फोडून आतील दाणे चावून खाणारेही काही भेटले. ते दाणे जठरातील आम्लापासून वाचावेत म्हणूनच त्यांच्यावर लेप दिलेला असतो.

नीट घेतली तर गुण किती येतो? येथे अंदाजाने बोलू नये. १९९७ साली कॅनडातील चिबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ चाचण्यांतील साडेसात हजारांहून अधिक रुग्णांचे निष्कर्ष एकत्र केले. हे सर्व रुग्ण अन्ननलिकेला जखमा झालेले होते. बारा आठवड्यांपर्यंतच्या उपचारांत प्रोटॉन पंप रोखणाऱ्या औषधांनी सरासरी ८४ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, रॅनिटिडीनच्या जातीच्या औषधांनी ५२ टक्के, आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीने २८ टक्के. जळजळ पूर्ण थांबण्याचे प्रमाण पहिल्या औषधांत ७७ टक्के तर दुसऱ्यांत ४८ टक्के होते. जखमा भरण्याचा वेगही जवळजवळ दुप्पट होता. वैद्यकशास्त्रात इतका स्पष्ट फरक रोज पाहावयास मिळत नाही. ही औषधे उत्तम आहेत, हे आम्ही निःसंकोचपणे सांगतो. अलीकडे जपानमधून व्होनोप्रॅझान हे त्याहून वेगाने काम करणारे औषध आले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने आठ आठवड्यांत ९३ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, लॅन्सोप्रॅझोलने ८५ टक्के. फरक आहे, परंतु जुन्या स्वस्त औषधाचे काम भागत असेल तर नव्यासाठी खिसा रिकामा करण्याची घाई नको.

परंतु या आकड्यांत एक अट आहे, ती विसरली जाते. ते ज्यांना जखमा होत्या त्यांचे आहेत. जळजळणाऱ्या बऱ्याच लोकांत दुर्बिणीने पाहिले असता अन्ननलिका स्वच्छ असते, आणि अशांत गोळीचा गुण कमी येतो. दुसरी गोष्ट, ही गोळी आम्ल कमी करते, वर येणे थांबवीत नाही. नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास मोजणी केली तर असे दिसते की गोळी चालू असतानाही जठरातील द्रव जवळजवळ पूर्वीइतक्याच वेळा वर येतो. फक्त तो आता आंबट नसतो. झडप होती तशीच सैल आहे. म्हणून जळजळ थांबूनही घशाशी पाणी येतच राहते, आणि रुग्ण म्हणतो औषध लागू पडत नाही.

याविषयी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास आम्हाला फार बोलका वाटतो. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोळीने जळजळ थांबत नाही म्हणून पाठविलेले ३६६ रुग्ण त्यात घेतले होते. डॉक्टरांनी प्रथम काय केले? कोणतीही मोठी तपासणी नाही. ओमेप्रॅझोल दिले आणि सकाळच्या व रात्रीच्या जेवणाआधी बरोबर अर्धा तास, दोन आठवडे घ्यावयास सांगितले. तेवढ्याने ४२ जणांना आराम पडला! गोळी तीच, वेळ पाळली एवढेच. ७० जणांनी तपासण्या पुऱ्या केल्या नाहीत, ५४ जण इतर कारणांनी गळले. २३ जणांना अन्ननलिकेचा दुसराच आजार निघाला. आणि ९९ जणांत असे आढळले की जळजळ खरी आहे, परंतु तिचा आम्लाशी किंवा दिसणाऱ्या कोणत्याही बिघाडाशी संबंध नाही. अन्ननलिकेच्या नसाच अधिक हळव्या झालेल्या असतात. अशांना आम्लाची गोळी दुप्पट करून काय उपयोग?

शेवटी खरोखर गोळीला न जुमानणारा रिफ्लक्स असलेले फक्त ७८ उरले. त्यांपैकी काहींची झडप घट्ट करण्याची शस्त्रक्रिया झाली. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६७ टक्के लोकांना चांगला आराम होता, नवी औषधे वाढवून दिलेल्यांपैकी २८ टक्के आणि गोळीबरोबर दिखाऊ औषध दिलेल्यांपैकी १२ टक्के. योग्य रुग्ण निवडला तर शस्त्रक्रियेला स्थान आहे. पण ३६६ मधून ७८ कसे गाळून निघाले, ते आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

घसा खवखवतो, आवाज बसतो, सारखे खाकरावे लागते म्हणून ही गोळी महिनोन्महिने घेणारे आमचे काही शिक्षक बंधू येथे आहेत. ब्रिटनमध्ये अशा ३४६ जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना लॅन्सोप्रॅझोल दिवसातून दोन वेळा सोळा आठवडे दिले, निम्म्यांना दिखाऊ गोळी. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. हा निष्कर्ष २०२१ सालचा. मातांनी आणखी एक ऐकावे. तान्हे बाळ दूध ओकते, रडते, म्हणून त्याला हे औषध देण्याची पद्धत वाढली होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या १६२ बाळांच्या चाचणीत औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांत नेमका ५४ टक्के बाळांना फरक पडला. गंभीर त्रास मात्र औषधाच्या गटात १० बाळांना झाला आणि दुसऱ्या गटात २.

आता मावशींचा दुसरा प्रश्न, "बंद केली की जास्त जळजळतं." मावशी खोटे बोलत नाहीत. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी लोकांवर, ज्यांना कधी जळजळ नव्हती अशांवर, एक प्रयोग झाला. अर्ध्यांना आठ आठवडे एसोमेप्रॅझोल दिले आणि नकळत बंद केले. पुढील चार आठवड्यांत त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी यांचा त्रास सुरू झाला. ज्यांना प्रथमपासून दिखाऊ गोळी होती त्यांच्यात तो १५ टक्के होता. कारण असे की आम्ल कमी पडले म्हणून शरीर ते वाढविण्याचा निरोप देणारे संप्रेरक अधिक सोडते, आम्ल करणाऱ्या पेशी वाढतात, आणि गोळी थांबताच त्या सगळ्या एकदम कामाला लागतात. हा जोर काही आठवड्यांत ओसरतो. आपल्याला मात्र वाटते की आजार परत आला, आणि आपण पुन्हा मेडिकल दुकानाची पायरी चढतो. म्हणून गोळी थांबवावयाची तर डॉक्टरांना विचारून मात्रा उतरवावी आणि मधल्या काळात जळजळल्यास पातळ औषधाने निभवावे.

यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे, तो आम्ही येथे कबूल करतो. तापाच्या गोळीबरोबर एक, अँटिबायोटिकबरोबर एक, अशी ही गोळी आम्हीही वर्षानुवर्षे सवयीने लिहिली. रुग्णानेही विचारले, "गरम पडू नये म्हणून काही?" आणि आमची लेखणी चालली. तसेच, डॉम्पेरिडोन मिसळलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास चालतात. हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे युरोपच्या औषध संस्थेने २०१४ साली डॉम्पेरिडोन फक्त मळमळ-उलटीसाठी, कमी मात्रेत आणि थोडे दिवस वापरावे असे ठरविले. साध्या जळजळीवर वर्षभर त्याची गरज नाही.

याचा अर्थ ऐकून उद्या सर्वांनी पाकिटे फेकून द्यावीत असा मुळीच नाही. आम्हाला याची खरी भीती वाटते. ज्यांच्या अन्ननलिकेला दुर्बिणीत मोठ्या जखमा दिसल्या आहेत, ज्यांची नळी त्यामुळे आकसली आहे, ज्यांच्या अस्तरात बॅरेट नावाचा बदल झाला आहे, त्यांना ही गोळी दीर्घकाळ घ्यावीच लागते, आणि बंद केल्यास जखमा बहुतेकांत परत येतात. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा संधिवातासाठी वेदनाशामक रोज घेणाऱ्या वृद्धांना जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणूनही ती दिलेली असते. त्यांनी ती स्वतःच्या मनाने थांबवू नये. मात्र क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्रॅझोलबाबत डॉक्टरांना आठवण करून द्यावी.

हाडे मोडतात, मूत्रपिंड जाते, स्मरणशक्ती जाते अशा बातम्यांनीही लोक घाबरतात. सतरा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर सुमारे तीन वर्षे चाललेली पॅन्टोप्रॅझोलची मोठी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत हाडे मोडणे, न्यूमोनिया, मूत्रपिंडविकार, स्मृतिभ्रंश यांत फरक दिसला नाही. आतड्यांचे संसर्ग तेवढे थोडे वाढले, १ टक्क्यावरून १.४ टक्के. जंतू मारणारे आम्ल कमी झाल्यावर हे समजण्यासारखे आहे. पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे, हे या गोळीवाल्यांनी अधिक लक्षात ठेवावे. दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या रक्तातील मॅग्नेशियम उतरते, तेही कधीतरी तपासून घ्यावे.

गोळीव्यतिरिक्त काय? पथ्यांच्या लांबलचक याद्या आम्ही देणार नाही, कारण त्यांतील बहुतेकांना भक्कम आधार नाही. एखाद्याला वांग्याने जळजळते, दुसऱ्याला नाही. ज्याने आपल्याला त्रास होतो ते आपण टाळावे, उगाच सगळे सोडून अशक्त होऊ नये. दोन गोष्टींना मात्र आधार आहे. वाढलेले वजन कमी करणे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे. उशा रचून उपयोग नाही, त्याने पोट दुमडते. पलंगाच्या डोक्याकडील दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा द्याव्यात. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होऊ नये आणि डाव्या कुशीवर झोपावे.

अखेर एक गोष्ट, जी आम्ही दरवर्षी सांगतो. आमच्याकडे एक रिक्षाचालक बंधू पहाटे आले होते. रात्री दहापासून छातीत जळत होते. घरच्यांनी सोडा दिला, थंड दूध दिले, शेजाऱ्यांनी आपली गोळी दिली. घाम सुटला तरी पित्तच असे समजून पहाटेपर्यंत थांबले. ई.सी.जी. काढला तेव्हा तो हृदयविकाराचा झटका निघाला. ते वाचले, पण हृदयाचा मोठा भाग कायमचा दुबळा झाला आणि रिक्षा सुटली. चालताना किंवा जिना चढताना छाती भरून येणे, जळजळीबरोबर घाम, दम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असे झाले तर गोळी शोधू नका, रुग्णालय गाठा. तसेच घास अडकणे, रक्ताची उलटी, काळी शौचास, वजन उतरणे, यांपैकी काहीही असल्यास दुर्बिणीची तपासणी लवकर करून घ्यावी. या लक्षणांवर गोळी घेत बसणे म्हणजे वेळ गमावणे होय.

भाषणानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आई चार वर्षे गोळी घेते. आता काय करायचं?" नंतर समजले की ती त्या मावशींचीच मुलगी. आम्ही मावशींना सांगितले ते असे : चार वर्षे झाली आहेत तेव्हा एकदा दुर्बिणीने पाहून घेऊ. तोपर्यंत हीच गोळी उद्यापासून सकाळी उठल्यावर घ्यायची, अर्ध्या तासाने भाकरी किंवा पोहे खायचे, आणि दोन आठवड्यांनी येऊन दाखवायचे. मावशींनी विचारले, "आणि विटा?" विटा आजच रात्री लावा, असे आम्ही सांगितले.